संघाचे वय आणि यश (व्यावसायिक बास्केटबॉल)

संघातील खेळाडूंचे सरासरी वय आणि त्या संघाचे हंगामातले यश यांच्यातला संबंध. या विषयाची चर्चा मुख्यतः अमेरिकेतल्या एनबीए या 30 संघांच्या लीगवरून होते, कारण तिथे खेळाडूच्या जन्मतारखेपासून त्याने कोर्टवर घालवलेल्या मिनिटांपर्यंत सगळे नोंदलेले असते. ढोबळमानाने वयस्क संघ तरुण संघांपेक्षा जास्त सामने जिंकतात, आणि बहुतेक विजेत्या संघांची सरासरी 26 ते 30 च्या दरम्यान येते. यावरून 'अनुभव जिंकतो' असे म्हणण्याची घाई समालोचक नेहमी करतात. नीट पाहिले तर कारण आणि परिणाम यांची इथे बरीच अदलाबदल झालेली दिसते. कित्येक संघ जिंकू लागले म्हणून वयस्क झालेले असतात.

मोजण्याची रीत

घोळ इथूनच सुरू होतो. एनबीएच्या संघात 15 नियमित करार असतात. त्या सगळ्यांच्या वयांची बेरीज करून 15 ने भागले तर आलेला आकडा फसवा असतो, कारण त्यातले चार-पाच जण हंगामभर बाकावर टॉवेल घेऊन बसलेले असतात. मायामी हीटचा युडोनिस हॅस्लम 20 हंगाम खेळून 2023 मध्ये निवृत्त झाला तेव्हा 43 वर्षांचा होता. शेवटची काही वर्षे तो कोर्टवर फारसा उतरतच नसे. पोरांना धाकात ठेवणे आणि ड्रेसिंग रूम सांभाळणे हेच त्याचे काम. साध्या सरासरीत असा एक माणूस सगळ्या संघाला म्हातारा करून टाकतो.

म्हणून मिनिटांचे वजन देऊन सरासरी काढतात. समजा, 22 वर्षांचा एक खेळाडू सामन्यात 30 मिनिटे खेळतो आणि 40 वर्षांचा दुसरा 5 मिनिटे. साधी सरासरी 31 येईल. मिनिटांनी गुणून काढली तर 860 भागिले 35, म्हणजे साधारण 24.6. प्रेक्षकाला कोर्टवर जो संघ दिसतो त्याचे वय हेच. बास्केटबॉल-रेफरन्स या संकेतस्थळावर हीच रीत वापरतात आणि हंगामातले वय 1 फेब्रुवारीला धरतात.

तरीही सरासरी एक गोष्ट लपवतेच. 2014 मध्ये सॅन अँटोनिओ स्पर्सने विजेतेपद मिळवले तेव्हा टिम डंकन 38 वर्षांचा, मनू जिनोबिली 36 चा आणि टोनी पार्कर 32 चा होता. अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला काव्हाय लेनर्ड 22 चा. डंकन आणि लेनर्ड यांची सरासरी 30 येते, पण दोघांपैकी एकाचाही खेळ तिशीतल्या माणसाचा नव्हता.

वय आणि शरीर

बास्केटबॉलपटूचा बहर साधारण 25 ते 29 या वर्षांत असतो, यावर आकडेवारीवाल्यांचे बऱ्यापैकी एकमत आहे. त्यानंतर आधी उडी आणि धाव उतरते. हात मागाहून उतरतो, आणि डोके तर त्याहूनही उशिरा. फ्री थ्रो आणि थ्री-पॉइंटर चाळिशीपर्यंत टिकवलेले खेळाडू आहेत. मुरलेल्या गवंड्याला ओळंबा लावण्याआधीच भिंत कुठे कलते ते दिसते, तसे रिबाउंड, म्हणजे हुकून परतलेला चेंडू, कुठे पडणार हे जुन्या खेळाडूला चेंडू रिंगला लागण्याआधीच कळते.

मात्र बचावाच्या वेळी पाय लागतातच. फुटबॉलशी तुलना केली तर हा फरक गोव्यातल्या वाचकाला चटकन कळेल. फेर्रान कोरोमिनास, म्हणजे आपला कोरो, 2017 मध्ये 34 व्या वर्षी एफसी गोवाकडे आला आणि 2017-18 व 2018-19 असे लागोपाठ दोन हंगाम इंडियन सुपर लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला. फातोर्ड्याच्या मैदानावर मागे धावायला दहा जण असतात. पुढच्या माणसाने दोन मिनिटे दम खाल्ला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. बास्केटबॉलमध्ये पाचच जण. प्रतिस्पर्धी त्यातला सर्वांत संथ कोण ते हेरतात, तो ज्याला राखत असतो तो आपला गडी बोलावून आडोशासारखा उभा करतात आणि चेंडू असलेल्या खेळाडूला त्या थकलेल्या पायांसमोर आणून उभा करतात. एकदा जमले की पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. साखळी फेरीतल्या 82 सामन्यांत हे खपून जाते. प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, एकाच संघाशी सातपर्यंत सामने खेळावे लागतात, तेव्हा ही उणीव उघडी पडते.

कारण कोणते, परिणाम कोणता

हरणारा संघ तिशीतल्या खेळाडूंना ठेवून काय करणार? तो त्यांना दुसऱ्या संघाला देतो आणि बदल्यात ड्राफ्टमधले, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतले, हक्क घेतो. ड्राफ्टमध्ये 19-20 वर्षांची पोरे येतात, आणि 1985 पासून चालू असलेल्या सोडतीत तळाच्या संघांना वरचा क्रमांक मिळण्याची संधी जास्त असते. म्हणजे हरणारे संघ आपोआप तरुण होत जातात. जिंकणाऱ्यांकडे नेमका उलटा ओघ लागतो. कारकिर्दीच्या उतारावर विजेतेपदाची एखादी अंगठी बोटात पडावी म्हणून जुने खेळाडू किमान पगारावर तिथे जायला तयार असतात. शिवाय जुन्या खेळाडूच्या एक वर्षाच्या किमान करारातला काही भाग लीग स्वतः भरते, त्यामुळे संघाला तो स्वस्तातच पडतो.

आणखी एक चाळणी आहे. सुमार खेळाडू सत्ताविशीच्या आतच लीगबाहेर फेकला जातो, त्यामुळे 34 व्या वर्षी एनबीएत टिकलेला माणूस मुळातच चांगला असतो. बावीस वर्षांच्यांच्या गर्दीत चांगले-वाईट सगळे असतात. या दोन गटांची तुलना करून वयाचे गुण गाणे म्हणजे ऐंशी वर्षे उभे राहिलेले घर पाहून 'जुनी बांधकामे मजबूतच असायची' म्हणण्यासारखे आहे; पडलेली घरे मोजायला कोणी जात नाही.

जुने संघ

वयाच्या बाजूने दिला जाणारा सर्वांत मोठा दाखला 1997-98 च्या शिकागो बुल्सचा. विजेतेपदाच्या दिवशी मायकल जॉर्डन 35, डेनिस रॉडमन 37, रॉन हार्पर 34 आणि स्कॉटी पिपेन 32 वर्षांचा होता. ज्या युटा जॅझला त्यांनी 4-2 असे हरवले तो संघही काही कोवळा नव्हता : जॉन स्टॉकटन 36, कार्ल मलोन 34. दोन्ही संघांनी साखळीत 62-62 सामने जिंकले होते. पुढच्याच, टाळेबंदीमुळे तोकड्या झालेल्या हंगामात बुल्सचा संघ मोडला आणि हिशेब 13 विजय, 37 पराभव असा झाला. वयस्क संघाचा उतार हळूहळू येत नाही, तो जिन्याची पायरी चुकल्यासारखा येतो.

2011 मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने 38 वर्षांच्या जेसन किडला पॉइंट गार्ड ठेवून आणि तिशी ओलांडलेल्या डर्क नोविट्स्की, जेसन टेरी, शॉन मेरियन यांच्या जोरावर लेब्रॉन जेम्सच्या मायामीला हरवले. ही तर सरळ वयाचीच लढत वाटावी. पण त्या मालिकेचे श्रेय अनुभवाइतकेच नोविट्स्कीच्या एका पायावर मागे झुकून मारलेल्या शॉटलाही आहे, आणि तो शॉट कोणत्याही वयात अडवणे कठीणच होते.

स्पर्सने वय सांभाळायची वेगळीच पद्धत शोधली. 2013-14 च्या हंगामात त्यांच्या एकाही खेळाडूची सरासरी सामन्यामागे 30 मिनिटांपर्यंत गेली नाही, तरी संघाने 62 सामने जिंकले. त्याआधी नोव्हेंबर 2012 मध्ये प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी डंकन, पार्कर, जिनोबिली यांना मायामीतल्या सामन्याआधी थेट घरी धाडले, तेव्हा लीगने संघाला अडीच लाख डॉलर दंड ठोठावला. त्याच वर्षी मार्चमध्ये डंकनला विश्रांती दिली होती, तेव्हा अधिकृत गुणफलकात न खेळण्याचे कारण दुखापत किंवा आजारपण असे काही न देता 'ओल्ड' एवढेच छापून आले. कारणाच्या रकान्यात म्हातारपण! क्रीडाविषयक कागदपत्रांत इतका प्रामाणिक शेरा क्वचितच सापडेल.

फसलेल्या प्रयोगांची यादी याहून लांब आहे. 2003-04 मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सने 40 वर्षांचा मलोन आणि 35 चा गॅरी पेटन आणला, आणि अंतिम मालिकेत डेट्रॉइटकडून 4-1 असा मार खाल्ला. 2012-13 चा न्यूयॉर्क निक्स हा लीगच्या इतिहासातल्या सर्वांत वयस्क संघांपैकी एक. 54 विजयांनंतर तो दुसऱ्याच फेरीत बाद झाला. 2021-22 मध्ये लेकर्सने पुन्हा अनुभवी मंडळी गोळा केली. 33 विजय आणि 49 पराभव पदरी पडले, प्लेऑफही हुकला.

पण सर्वांत महागात पडला तो ब्रुकलिन नेट्सचा 2013 चा सौदा. त्यांनी बॉस्टन सेल्टिक्सकडून 37 वर्षांचा केव्हिन गार्नेट आणि 35 चा पॉल पिअर्स घेतले. बदल्यात 2014, 2016 आणि 2018 चे पहिल्या फेरीचे हक्क दिले आणि 2017 ला हक्कांच्या अदलाबदलीची मुभाही. नेट्स दुसऱ्या फेरीपलीकडे गेले नाहीत. बॉस्टनने 2016 च्या हक्कातून जेलन ब्राउन घेतला. 2017 चा हक्क फिलाडेल्फियाशी आणखी एक सौदा होऊन जेसन टेटमपर्यंत पोहोचला. 2024 मध्ये बॉस्टन विजेते झाले ते या दोघांच्या बळावर. दोन म्हातारे देऊन पुढची दहा वर्षे विकत घेतल्यासारखाच हा व्यवहार झाला.

तरुण विजेते

1976-77 चा पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स हा एनबीएचा सर्वांत तरुण विजेता. त्यांचा बिल वॉल्टन 24 वर्षांचा होता. त्यानंतर जवळजवळ अर्धशतकाने ओक्लाहोमा सिटी थंडर त्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर येऊन बसले. 2024-25 मध्ये त्यांनी साखळीत 68 सामने जिंकले. शे गिल्जस-अलेक्झांडर 26, जेलन विल्यम्स 24 आणि चेट होल्मग्रेन 23 वर्षांचा. संघात आधीची अंगठी होती ती फक्त 31 वर्षांच्या अॅलेक्स करूसोकडे.

अंतिम मालिकेचा सातवा सामना भारतात 23 जूनच्या सोमवारी भल्या पहाटे दिसला. गोव्यात दुसऱ्या दिवशी सांजांवचा सण होता. तिसरे सत्र चालू असताना रस्त्यावरून पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों-पों आला आणि पाव घेऊन परत येईपर्यंत थंडरने सामना हाती घेतला होता; शेवटी 103-91. इंडियाना पेसर्सचा टायरीस हॅलिबर्टन पहिल्याच सत्रात टाचेची शीर तुटून बाहेर गेला होता. तो 25 वर्षांचा. शरीर मोडायला वयच लागते असे नाही.

या संघाच्या तरुणपणामागे पुन्हा एक सौदाच होता. 2019 मध्ये थंडरने 29 वर्षांचा, बहरातला पॉल जॉर्ज क्लिपर्सला दिला आणि 21 वर्षेही पूर्ण न झालेल्या गिल्जस-अलेक्झांडरसोबत ड्राफ्टच्या हक्कांची चळत घेतली. त्यातल्याच एका हक्कातून 2022 मध्ये विल्यम्स आला. मधल्या काळात संघाने मुकाट्याने मार खाल्ला : 2020-21 मध्ये 22 विजय, त्यापुढच्या वर्षी 24. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पगार पहिली चार वर्षे ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे असतो आणि कर्तबगारीच्या मानाने तो फार कमी पडतो. विजेतेपदाच्या वर्षी विल्यम्स आणि होल्मग्रेन दोघेही त्याच कोष्टकात होते. वेतनमर्यादा कडक होत गेल्यापासून तरुण संघाचा खरा फायदा पायांत जितका आहे तितकाच वहीखात्यातही आहे.

हाच क्लब 2012 मध्ये याहून तरुण त्रिकूट घेऊन अंतिम मालिकेत गेला होता. केव्हिन ड्युरँट आणि रसेल वेस्टब्रुक 23 चे, जेम्स हार्डन 22 चा. मायामीने त्यांना 4-1 ने हरवले. 'पुन्हा येऊ' असे तेव्हा सगळेच म्हणाले, पण चारच महिन्यांत हार्डनला दुसरीकडे पाठवले गेले आणि ते त्रिकूट एकत्र परत आलेच नाही.

युरोपात ड्राफ्टची व्यवस्था नसल्यामुळे गणित निराळे चालते आणि खेळाडू एकाच क्लबात पिकत राहू शकतो. 2023 च्या युरोलीग अंतिम सामन्यात रेआल माद्रिदने ऑलिंपियाकोसला 79-78 असे हरवले. शेवटच्या क्षणी चेंडू जाळीत टाकणारा सर्हिओ युल 35 वर्षांचा होता. त्या सामन्यातला त्याचा तो एकमेव बास्केट.

गोव्यात

इथे पगार नाहीत, ड्राफ्ट नाही, सौदे नाहीत. संघाचे वय ठरवतो तो रोजगार. फोंड्यापासून मडगावपर्यंत शाळांच्या आवारात सिमेंटची कोर्टे आहेत, आणि संध्याकाळी तिथे जमणाऱ्यांत नेमकी मधली फळी गायब असते. दहावी-बारावीची पोरे दिसतात आणि चाळिशीचे काका दिसतात. बहराच्या वयातले कोणी बोटीवर, कोणी दुबईला, कोणी पुण्या-बंगळूरला, तर कोणी वेर्ण्याच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला. अशा संघाची सरासरी काढली तर 28-29 येईल, विजेत्याला शोभेल अशी, आणि त्या वयाचा एकही गडी कोर्टवर सापडणार नाही.

फोंड्याजवळच्या अशाच एका कोर्टवर गुडघ्याला पट्टा बांधलेले एक काका रिंगखाली उभे राहतात. धावत नाहीत. पोरे मागून ओरडतात, "काका, मागे या!" काका हात वर करून चेंडू मागतात, मिळाला की फळीच्या चौकटीच्या कोपऱ्यावर हलकेच ठेवल्यासारखा टाकतात, आणि बास्केट पडल्यावरही मागे येत नाहीत.