पोटातल्या बाळाशी नाते जुळताना : होणाऱ्या आई-वडिलांसाठी माहितीपत्रक

आमच्या प्रसूतिपूर्व वर्गाला येणारी बहुतेक जोडपी आधी 'बाळाशी कधीपासून बोलायचे' हे विचारतात. आईला स्वतःला कसे वाटते आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते, आणि आमच्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारणपणे 18 ते 20 आठवड्यांच्या सुमारास जाणवू लागते. त्याआधी सोनोग्राफीत ठोके ऐकूनही माया दाटून आली नाही, उलट धास्तीच वाटली, तर अपराधी वाटून घेऊ नये. मळमळ, अपुरी झोप किंवा आधीच्या गर्भपाताची आठवण सोबत असली की नाते जुळायला वेळ लागतो. परंतु उदासी किंवा धडधड दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर 'या दिवसांत रडू येतेच' म्हणून ती अंगावर काढू नये, डॉक्टरांना सांगावी. शासनाची 14416 या क्रमांकावरची टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठी फोनवरून मदत देणारी सेवा विनामूल्य असून ती चोवीस तास चालू असते.

सातव्या महिन्यात कुकरची शिट्टी झाली की बाळ दचकते, असे कितीतरी आया आम्हाला सांगतात. आईचा आवाज बाळापर्यंत तिच्या शरीरातूनही पोहोचतो, आणि नवजात बाळे तो ओळखतात, हे 1980 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले. त्यामुळे पोटावर हेडफोन ठेवण्याची गरज नाही. आजीची ओवी किंवा भाजी निवडतानाच्या रोजच्या गप्पाही पुरतात. बाळ हुशार होईल, असे आश्वासन आम्ही देत नाही. मात्र हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर बोलून किंवा गाणे लावून वाट पाहू नये, त्याच क्षणी रुग्णालयाशी संपर्क साधावा.

वडिलांनी रात्री जेवणानंतर दहा मिनिटे पोटावर तळहात ठेवून बसावे. बाळ नेमके तेव्हाच शांत झाले, तरी हात लगेच काढू नये. पैशांची, रजेची, बाळंतपणाची काळजी त्यांनाही पोखरत असते, म्हणून वर्गात आम्ही त्यांच्याशी स्वतंत्रपणेही बोलतो. पहिले बाळंतपण माहेरी असेल, तर पतीने रोज ठरलेल्या वेळी फोन करावा आणि पत्नीने तो स्पीकरवर ठेवावा. शेवटचे दोन वर्गही अशा जोडप्यांना दोन गावांतून व्हिडिओ कॉलवर एकत्र करता येतात.