छोटे धक्के बसलेले बरे असतात का? कोयनेचे आकडे काय म्हणतात

कोयना परिसरात ३ रिश्टरचा वगैरे धक्का बसला की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. पेपरात 'भूकंपाचा सौम्य धक्का, धरण सुरक्षित' अशी चौकट येते, आणि व्हॉट्सॲपवर कुणीतरी लिहितं की बरं झालं, असे बारीक धक्के बसलेले चांगले, जमिनीतली ऊर्जा थोडी थोडी निघून जाते आणि मोठा भूकंप टळतो. चांगली शिकलेली माणसंही हे पुढे पाठवतात. ऐकायला पटतं खरं, पण आकडे घेऊन बसलं की हे अजिबात टिकत नाही, आणि लोक त्याच्या भरवशावर निर्धास्त होतात म्हणून हे लिहायला घेतलं.

रिश्टरवर एक अंक वर गेला की ऊर्जा साधारण ३२ पट वाढते, दोन अंक वर गेला की १००० पट. म्हणजे ६ च्या एका भूकंपाची ऊर्जा ४ च्या धक्क्यांतून बाहेर काढायची तर असे १००० धक्के लागतील. आता निसर्ग किती देतो? १९४४ मध्ये गुटेनबर्ग आणि रिश्टर या भूकंपशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियाच्या नोंदी मोजून दाखवलं की एक अंक खाली आलं की भूकंपांची संख्या ढोबळमानाने १० पट होते. म्हणजे ६ च्या एका भूकंपामागे ४ चे मिळतात १००. लागणार १०००, मिळणार १००, हिशोब तिथेच संपला.

हे कॅलिफोर्नियाचं झालं, आपल्याकडे काय असं कुणी विचारेल, तर कोयना-वारणा भागाचेच आकडे बघा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी साठायला लागलं, तेव्हापासून साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या पट्ट्यात ६ च्या वरचा भूकंप झाला एक, ५ आणि त्याच्या वरचे झाले २२ च्या आसपास, ४ आणि वरचे सुमारे २००, आणि त्याखालचे हजारो. एक, बावीस, दोनशे. एवढ्याशा पाटण तालुक्याच्या कोपऱ्यात तोच नियम इतका स्वच्छ दिसतो की मला दर वेळी नवल वाटतं. आणि तो जो एक होता, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा ६.३ चा, ज्यात पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, त्याच्याएवढी ऊर्जा काढायला ५ चे जवळपास ९० धक्के लागतील. साठ वर्षांत झाले बावीस.

त्यात १९६७ च्या भूकंपाआधी तिथे शांतता होती असंही नाही. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला ५ च्या वरचा धक्का बसला होता. किल्लारीला तर १९९२ च्या पावसाळ्यानंतर बारीक धक्क्यांची माळच लागली होती, मग सगळं थांबलं, आणि ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जन करून लोक झोपले होते तेव्हा पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झालं ते महाराष्ट्राला माहीत आहे. छोट्या धक्क्यांनी मोठा भूकंप टळत नाही. उलट एक धक्का बसला की पुढचा बसायची शक्यता काही काळ वाढते. सगळा विषय या वाक्यात आहे, आणि माझा सगळ्यात आवडता नियम इथेच येतो.

२८ ऑक्टोबर १८९१ ला जपानमध्ये नोबी भागात प्रचंड भूकंप झाला, सात हजारांच्या वर माणसं मेली. त्यानंतर महिनोन् महिने आफ्टरशॉक, म्हणजे मोठ्या भूकंपामागून येणारे धक्के, येत राहिले. फुसाकिची ओमोरी नावाचा विशीतला तरुण संशोधक ते धक्के मोजत बसला आणि १८९४ मध्ये त्याने सांगितलं की धक्क्यांची संख्या दिवसांच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. म्हणजे पहिल्या दिवशी १०० धक्के असतील तर दुसऱ्या दिवशी ५०, दहाव्या दिवशी १०, शंभराव्या दिवशी १. (पहिल्या काही तासांसाठी सूत्रात एक छोटी दुरुस्ती लागते, ती इथे सोडून देतो.)

यात विशेष काय असं वाटेल. शाळेत आपण किरणोत्सारी पदार्थांचा अर्धायुकाल शिकलो, तिथे ठरावीक वेळात संख्या निम्मी होते. धक्के रोज निम्मे होत असते तर १००, ५०, २५ करत दहाव्या दिवशी एकही उरला नसता, आठवड्याभरात विषय संपला असता. ओमोरीच्या नियमात तसा ठरलेला काळच नाही. सुरुवातीला धडाधड कमी होतात आणि मग कमी व्हायचा वेगच कमी होत जातो. वरच्या उदाहरणात ११ ते १०० या दिवसांतल्या धक्क्यांची बेरीज करा, साधारण २२५ येते. आता १०१ ते १००० या दिवसांची करा. २३०! नव्वद दिवसांत जेवढे, तेवढेच पुढच्या नऊशे दिवसांत, आणि तेवढेच त्याच्या पुढच्या नऊ हजार दिवसांत, म्हणजे जवळपास पंचवीस वर्षांत. दिवस दसपट करत जा, प्रत्येक टप्प्याला धक्के सारखेच. नोबीच्या आफ्टरशॉकचा हिशोब जपानी संशोधकांनी पुढे चालू ठेवला आणि शंभर वर्षांनंतरही तिथले धक्के ओमोरीच्याच रेषेवर होते. एकोणिसाव्या शतकातल्या एका पहाटेच्या भूकंपाची शेपटी विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत मोजता येते, कागदावर आलेख काढून बघा म्हणजे अंगावर काटा येतो.

यातून पुढची अडचण निघते. नोंदवहीत हजार भूकंप असले तरी ते हजार स्वतंत्र घटना नाहीत, ती कुटुंबं आहेत, एक आई आणि तिची पिल्लं आणि पिल्लांची पिल्लं. १९८८ मध्ये योसिहिको ओगाता या जपानी संख्याशास्त्रज्ञाने याचं नीट मॉडेल केलं. त्यात प्रत्येक भूकंप, छोटा असो की मोठा, स्वतःचे आफ्टरशॉक जन्माला घालतो, किती घालणार ते त्याच्या रिश्टरवर घातांकी पद्धतीने (अंक वाढला की पटींनी) ठरतं, कधी घालणार ते ओमोरीवर, आणि पुढे त्यात अंतरही आलं, म्हणजे लांब गेलं की शक्यता कमी. याशिवाय जे कुणाचीच पिल्लं नाहीत असे, जमिनीतल्या ताणामुळे आपणहून होणारे भूकंप, त्यांचा वेगळा दर. एका भूकंपाला सरासरी किती थेट पिल्लं होतात तो आकडा १ च्या खाली असेल तर कुटुंब कधीतरी विझतं, ०.५ असेल तर एका स्वतंत्र भूकंपामागे तो धरून एकूण दोन, ०.९ असेल तर एकूण दहा. मग कॉम्प्युटर प्रत्येक भूकंपाबद्दल सांगतो की हा स्वतंत्र असण्याची शक्यता अमुक आणि त्या आधीच्याचं पिल्लू असण्याची तमुक. ठाम उत्तर मिळत नाही, शक्यताच मिळते, आणि त्या शक्यता वापरूनच पुढचं सगळं मोजायचं.

आता हे कोयनेला लावा. तिथे पावसाळ्यात धरण भरलं की सप्टेंबरच्या आसपास धक्के वाढतात, डिसेंबरच्या सुमाराला पुन्हा वाढतात, हे भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता आणि हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेच्या लोकांनी अनेक वर्षं दाखवलंय. पाण्याचं वजन आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे खडकाच्या भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब, यामुळे आधीच ताणात असलेला फॉल्ट, म्हणजे खडकातली मोठी भेग, सरकायला सोपा होतो. १९८५ नंतर दक्षिणेला वारणेचं धरण भरायला लागलं आणि पुढे धक्केही दक्षिणेकडे पसरले. पण नुसते महिनावार धक्के मोजले तर फसायला होतं, कारण १९६७ च्या एका भूकंपाचीच शेकडो पिल्लं डिसेंबर-जानेवारीत पडलीयेत, तेवढ्यानेच डिसेंबर उंच दिसेल. आधी कुटुंबं वेगळी करायची, उरलेल्या स्वतंत्र भूकंपांत पावसाळा दिसतो का बघायचं, आणि तरीही दिसला तर तो खरा. शिवाय इथे स्वतंत्र भूकंपांचा दर वर्षभर सारखा धरून चालत नाही, तो पाण्याच्या पातळीबरोबर हलतो, म्हणून परदेशातलं मॉडेल जसंच्या तसं उचलून इथे लावता येत नाही.

अमावस्या-पौर्णिमेला भूकंप होतात, ग्रह एका रेषेत आले की होतात असे तक्ते घेऊन फिरणारे बरेच आहेत, त्यांचीही चूक हीच. एक मोठा भूकंप योगायोगाने अमावस्येच्या आदल्या दिवशी झाला की त्याचे आफ्टरशॉक अमावस्येला पडणारच, तक्त्यात शंभर 'पुरावे' जमा, प्रत्यक्षात घटना एक. भरती-ओहोटीच्या ताणाचा अगदी थोडा परिणाम काही ठिकाणी आकड्यांत दिसतो हे खरं, पण त्यावरून तारीख सांगणारा माणूस लोकांना घाबरवून पैसे किंवा प्रसिद्धी मिळवतोय, त्याचं ऐकू नका.

तारीख तर शास्त्रज्ञांनाही जमलेली नाही. कॅलिफोर्नियात पार्कफील्डला १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४, १९६६ असे ६ च्या आसपासचे भूकंप झाले, सरासरी २२ वर्षं, म्हणून पुढचा १९८८ च्या आसपास, फार तर १९९३ पर्यंत होईल असं जाहीर करून उपकरणं लावून बसले, आणि तो झाला २००४ ला. पाच अंतरांच्या सरासरीवर एवढा भरवसा टाकायला नको होता.

जमतं ते असं: एक धक्का बसल्यावर पुढच्या आठवड्यात त्याहून मोठा बसायची शक्यता किती, हे टक्क्यांत सांगता येतं. कॅलिफोर्नियात ती साधारण ५ टक्के धरतात. म्हणजे वीसपैकी एकोणीस वेळा काही होत नाही, पण एरवीच्या दिवसापेक्षा ही शक्यता कितीतरी पट जास्त असते, आणि ओमोरीच्या नियमामुळे त्यातली सगळ्यात जास्त पहिल्या दिवशी. म्हणून जोराचा धक्का बसला आणि भिंतीला तडा गेला तर पहिले दोन-तीन दिवस त्या घरात झोपायचं नाही.

कोयनेसाठी हे टक्के नीट काढायचे तर बारीकात बारीक धक्क्यांच्याही नोंदी हव्यात, कारण कुटुंबं ओळखू येतात ती त्यांच्यावरूनच. वरचा जाड काळा पाषाण आणि वरची वर्दळ यात ते हरवतात, म्हणून त्याच्या खाली, एक-दीड किलोमीटर खोल बोअर मारून भूकंपमापक सोडलेत, आणि याच भागातल्या गोठणे गावाजवळ तर २०१७ मध्ये तीन किलोमीटरपर्यंत बोअर नेलं. कराडच्या प्रयोगशाळेत त्यावर काम चालू आहे.