तुमच्या गावाचा नकाशा तुम्हालाच उघडता यायला हवा

नमस्कार मंडळी. आमच्याकडून नकाशे करून घेणाऱ्या ग्रामपंचायती, शेतकरी कंपन्या, पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्था आणि सर्व्हेअर मित्रांसाठी हे पत्रक आहे. आम्ही पीडीएफ देतो, तुम्ही मोठी प्रिंट काढून ऑफिसात लावता, आणि पुढच्या वर्षी नवीन बंधारा झाला की तो नकाशात टाकायला परत आमच्याकडे येता. आमचं कामच आहे ते, जरूर या, पण एक बंधारा टाकण्यासाठी तालुक्याला चक्कर मारायची खरंच गरज नाहीये. गावातल्या विहिरी, ओढे, गट, रस्ते ही माहिती तुमची आहे, ती तुमच्या कॉम्प्युटरवर तुमच्याच माणसाला उघडता आली, दुरुस्त करता आली पाहिजे असं आम्हाला मनापासून वाटतं.

त्यासाठी आम्ही क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर शिकवतो. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलेलं हे काम आज जगभरातले लोक मिळून चालवतात, लायसन्सला एक रुपया लागत नाही आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. मेन्यू इंग्रजीत असतो पण नकाशावरची नावं मराठीत येतात, फक्त माहिती युनिकोडमध्ये पाहिजे, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्या आधी कन्व्हर्ट कराव्या लागतात.

पीडीएफ सोडून फाइल मागा

आमच्याकडूनच काय, कोणाकडूनही नकाशा करून घेतलात तर मूळ डेटा मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. बहुतेक जण शेपफाइल देतात. नाव एका फाइलचं पण प्रत्यक्षात तीनचार फाइलींचा संच असतो, आणि व्हॉट्सॲपवर नुसती एसएचपी फाइल पाठवली की समोरच्याकडे माहितीचा तक्ता गेलेलाच नसतो, कारण तो डीबीएफ नावाच्या दुसऱ्या फाइलीत असतो. शिवाय शेपफाइलमध्ये कॉलमच्या नावाला दहाच अक्षरांची जागा, ती पण इंग्रजी अक्षरांच्या हिशोबाने, देवनागरीचं एक अक्षर तिथे तिप्पट जागा खातं म्हणून ‘विहिरीची खोली’ असा कॉलम केला की नाव सुरुवातीलाच तुटतं. आम्ही म्हणून सगळं जिओपॅकेज ह्या प्रकारच्या फाइलमध्ये देतो, एकाच फाइलीत सगळे लेयर, म्हणजे विहिरी, ओढे, रस्ते असे नकाशाचे वेगवेगळे थर, बसतात आणि मराठी नीट राहतं.

सगळ्यात जास्त जिथे अडतं

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर घेऊ नये ही अट १९९३ च्या भूजल कायद्यापासून सगळ्यांना माहीत आहे. नकाशावर त्या विहिरीभोवती ५०० मीटरचा गोल काढायचा, ह्याला बफर म्हणतात, आणि कुठल्या विहिरी आत येतात ते बघायचं. मोबाइलवरून आणलेले पॉइंट टाकले, बफरमध्ये ५०० लिहिलं आणि बटण दाबलं की गावभर काय, अख्ख्या जगभर पसरलेला गोल येतो. कारण मोबाइलचे आकडे अक्षांश-रेखांशात म्हणजे अंशात असतात आणि सॉफ्टवेअरने ५०० अंशाचा गोल काढलेला असतो.

इथे सीआरएस समजून घ्यावा लागतो, म्हणजे नकाशावरचे आकडे नेमके कुठल्या मोजपट्टीवरचे आहेत ते. अशा प्रत्येक मोजपट्टीला ईपीएसजी नावाचा नंबर असतो, मोबाइलच्या आकड्यांचा ४३२६. मीटरमध्ये काम करायचं तर मुंबई, पुणे, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर अशा बऱ्याचशा महाराष्ट्राला ३२६४३, आणि ७८ अंश रेखांशाच्या पुढे म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीला ३२६४४. यवतमाळ जिल्ह्यातून तर ती रेषाच जाते, त्यामुळे तिथल्या लोकांनी तालुका बघून ठरवायचं.

आणि आता हे नीट वाचा, कारण शिकून गेलेले लोकसुद्धा फोन करून हेच विचारतात. ‘सेट लेयर सीआरएस’ आणि ‘रीप्रोजेक्ट लेयर’ ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याने फक्त लेबल बदलतं, आकडे तेच राहतात, म्हणजे ७३.८ अंशाला सॉफ्टवेअर ७३.८ मीटर समजायला लागतं आणि तुमचं गाव नकाशावरून गायब होतं. मीटरमध्ये खरंखुरं बदलून नवा लेयर पाहिजे असेल तर रीप्रोजेक्टच करायचं, मग त्या लेयरवर बफर.

तसंच एक्सेलमधून पॉइंट आणताना एक्स म्हणजे रेखांश, वाय म्हणजे अक्षांश. उलटं झालं तर पुण्याची विहीर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडते. महाराष्ट्रात अक्षांश साधारण १५ ते २२ आणि रेखांश ७२ ते ८१ च्या मध्येच असतात एवढं लक्षात ठेवलं तरी यादी नुसती चाळून चूक सापडते.

नावावर नाही, कोडवर जोडा

जनगणनेची यादी गावांच्या नकाशाला जोडायची तर नावावरून जोडू नका. पिंपळगाव एका जिल्ह्यात किती सापडतील बघा, त्यात कोणी गाववर अनुस्वार देतं कोणी देत नाही, पुढे बुद्रुक-खुर्द कधी पूर्ण कधी नुसतं बु. आणि खु. २०११ च्या जनगणनेचा गावाचा कोड असतो तो वापरा आणि तो कॉलम एक्सेलमध्ये टेक्स्ट म्हणून ठेवा.

गट नकाशा आणि मोजणी

गावाचा जुना गट नकाशा स्कॅन करून जागेवर बसवता येतो, ह्याला जिओरेफरन्सिंग म्हणतात. किमान तीन खुणा लागतात पण आम्ही आठदहा घ्यायला लावतो, शिवेचे दगड, जुनी विहीर, देऊळ, रस्त्याचा तिठा अशा न हललेल्या, आणि त्या गावभर पसरलेल्या पाहिजेत, एका कोपऱ्यात गोळा झालेल्या चालत नाहीत. जुना कागद घड्या पडून ताणलेला-आकसलेला असतो त्यामुळे काही मीटरचा फरक राहतोच. म्हणून स्पष्ट सांगतो, असा नकाशा नियोजनाला उत्तम आहे पण बांधाचा वाद मिटवायला वापरू नका. हद्दीसाठी भूमी अभिलेखची मोजणीच करून घ्यावी लागते, आमच्या नकाशावर बांध फोडायला निघालेल्याला आम्ही थांबवतो.

सॅटेलाइटचे फोटो

सेंटिनेल-२ ह्या युरोपच्या उपग्रहांचे फोटो फुकट मिळतात आणि साधारण पाच दिवसांनी नवीन येतात. त्यातला एक ठिपका १० बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर, आणि आपला गुंठा १०१ चौरस मीटर, म्हणजे ढोबळ हिशोबात एक ठिपका म्हणजे एक गुंठा. दोन एकराच्या उसात ऐंशीच्या आसपास ठिपके येतात, कुठला पट्टा मागे पडलाय ते चांगलं कळतं. पाच गुंठ्याच्या भाजीच्या तुकड्यात पाचच, त्यातही कडेच्या ठिपक्यात अर्धा बांध, तिथे निष्कर्ष काढू नये. एनडीव्हीआय, म्हणजे फोटोवरून काढलेला हिरवेपणाचा आकडा, जास्त आला म्हणजे पीक चांगलं असंही नाही, गाजरगवत पण तितकंच हिरवं दिसतं, शेतात जाऊन बघावंच लागतं. पावसाळ्यात ढगांमुळे कित्येक आठवडे कामाचा फोटो मिळत नाही, त्यामुळे रब्बीचं पीक बघायला ही पद्धत जास्त उपयोगी पडते.

पाणलोटासाठी उंचीचा जो फुकटचा डेटा वापरतात, २००० सालच्या एसआरटीएम ह्या अंतराळातून जमिनीची उंची मोजणाऱ्या मोहिमेचा, त्याचा ठिपका ३० मीटरचा आहे, म्हणजे नऊ गुंठे. ओढे कुठून कुठे वाहतात, पाणलोटाची हद्द कुठे आहे हे त्यावरून काढता येतं, पण बांध नेमका कुठे घालायचा ते त्यावरून ठरवू नका, त्याला शिवारफेरी आणि लेव्हल घेणं लागतंच.

शिकायला येताना

ग्रामसेवक, कृषिमित्र, बारावी झालेली मुलगी, कोणीही चालेल, एक्सेल येत असेल तर बरंच झालं. माणूस मात्र गावात राहणारा पाठवा, तो ओढ्याला आणि वस्तीला नावाने ओळखतो आणि नकाशात चूक असली की त्याच्या लगेच लक्षात येते. सरावाला आम्ही परक्या देशाचा नमुना डेटा देत नाही, तुमच्याच गावावर काम करायचं. त्यामुळे येताना गट नकाशाची प्रत, विहिरींची यादी जशी असेल तशी, आणि निदान ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आणा. विहिरींचे पॉइंट घेतलेले नसले तर आधी मोबाइलवर क्यूफिल्ड हे शिवारात पॉइंट घ्यायचं ॲप टाकून ठेवा, वापरायचं कसं ते पहिल्याच दिवशी शिवारात फिरता फिरता दाखवू.