नव्या काँक्रीट रस्त्याखालची पाइपलाइन तपासायची आहे? मुंबईत खोदकामाची परवानगी मागताना अर्ज कुठे अडतो

मुंबईत 2023 पासून रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. वरचा रस्ता नवा झाला, पण अनेक इमारतींच्या जलजोडण्या आणि मलवाहिन्या जुन्याच राहिल्या. मग कधी पाण्याचा दाब कमी होतो, कधी सकाळचं पहिलं पाणी गढूळ येतं. प्लंबर येतो, रस्त्याकडे बोट दाखवतो आणि सोसायटीचे सेक्रेटरी वॉर्ड ऑफिसात चर खोदण्याचा अर्ज देतात. बरेच अर्ज परत येतात, आणि तेही ठरलेल्या तीन-चार कारणांनी. ती कारणं आधीच कळली तर लोकांचा उन्हाळा वाया जाणार नाही, म्हणून हे लिहितो आहे.

अर्ज तुमचा आहे की तक्रार?

रस्त्याखालची मुख्य जलवाहिनी महापालिकेची असते. तिच्यापासून तुमच्या मीटरपर्यंत येणारी जोडणी ग्राहकाची, आणि तिचं काम परवानाधारक प्लंबरमार्फतच करावं लागतं. गळती मुख्य वाहिनीत असेल तर तुम्ही परवानगी मागायचीच नाही. सहायक अभियंता (जलकामे) यांच्याकडे किंवा 1916 वर तक्रार नोंदवायची आणि तक्रार क्रमांक जपून ठेवायचा. खोदणं आणि रस्ता पूर्ववत करणं हे मग त्यांचं काम. काही सोसायट्या घाईघाईत स्वतःच्या नावानं अर्ज करतात आणि महापालिकेच्या कामाचे पैसे वर्गणी काढून भरतात. कृपा करून असं करू नका. आधी जलकामे विभागाकडून जागेची पाहणी करून घ्या आणि दोष कोणत्या भागात आहे हे लेखी मागा. तोंडी उत्तराचा पुढे काहीच उपयोग होत नाही.

‘पाइपलाइन तपासणे’ एवढंच लिहू नका

खोदकामाचं कारण म्हणून हे दोनच शब्द लिहिलेले अर्ज हमखास फेटाळले जातात, आणि इथे अधिकाऱ्याला दोष देता येत नाही. नव्या रस्त्यावर शोधाशोध करायला कोणी परवानगी देणार नाही. न खोदता जेवढं शोधता येतं तेवढं आधी शोधून झालेलं असावं लागतं. पाण्याच्या लाइनवर कानानं ऐकण्याची सळई किंवा गळतीशोधक यंत्र लावून जागा बरीच जवळ आणता येते. मलवाहिनी असेल तर मॅनहोलमधून कॅमेरा सोडता येतो. त्याचा अहवाल अर्जाला जोडा. मग लांबलचक चर मागण्याऐवजी एकाच ठिकाणी चाचणी खड्डा मागा. नकाशावर ती जागा दाखवा, जवळच्या इमारतीच्या कोपऱ्यापासूनचं अंतर लिहा आणि लांबी, रुंदी, खोली मीटरमध्ये द्या.

काँक्रीटचा रस्ता डांबरासारखा हवा तेवढाच कापून पुन्हा बुजवता येत नाही. तो पॅनेलमध्ये ओतलेला असतो आणि पॅनेल एकमेकांना सळयांनी जोडलेले असतात. मधला तुकडा कापून भरला तर सांध्यातून पाणी उतरतं आणि थोड्याच दिवसांत तडे जातात. म्हणून अख्खं पॅनेल नव्यानं करायला सांगितलं जातं, आणि खर्चाचा आकडा पाहून सोसायटीची सभा गप्प होते. त्यामुळे अर्जाआधी प्लंबरला एक प्रश्न नक्की विचारा: हीच लाइन फुटपाथखाली किंवा पेव्हर ब्लॉकच्या पट्ट्यात कुठे उघडता येईल का? ते जमलं तर अर्ध्याहून अधिक अडचणी तिथेच मिटतात.

जो कागद कोणाकडेच नसतो

अर्ज सर्वाधिक अडतो तो दोषदायित्व कालावधीवर. नवा रस्ता बांधणाऱ्या कंत्राटदारावर ठरावीक वर्षं त्याच्या दुरुस्तीची जबाबदारी असते. अलीकडच्या मोठ्या काँक्रीट कामांत हा कालावधी 10 वर्षांचा आहे, डांबरी रस्त्यांना तो कमी असतो. या मुदतीत दुसऱ्या कोणी रस्ता फोडला की कंत्राटदार हमीतून हात झटकू शकतो. म्हणून रस्ता कोणत्या कंत्राटातला आहे, कालावधी कधी संपतो आणि खोदल्यावर पॅनेल कोण घालणार, हे विचारलं जातं. या प्रश्नांचं उत्तर असलेला कागद सामान्य अर्जदाराकडे असणं शक्यच नाही. तो महापालिकेच्याच एका विभागाकडे असतो आणि दुसरा विभाग तो नागरिकाकडे मागतो. वॉर्ड म्हणतो रस्ते विभागाकडे जा, रस्ते विभाग म्हणतो वॉर्डाकडून पत्र आणा. वयस्कर सेक्रेटरींना या दोन टेबलांमध्ये हेलपाटे घालायला लावणं अन्यायाचं आहे. एका कार्यालयाचं पत्र दुसऱ्यानं थेट मागवायला हवं.

तोवर निदान एवढं करा. रस्त्यावरच्या कामाच्या फलकाचा फोटो काढा. त्यावर कामाचं नाव, कंत्राटदार आणि कालावधी असतो. फलक काढलेला असेल तर महापालिकेच्या काँक्रिटीकरणाच्या सार्वजनिक डॅशबोर्डवर रस्ता शोधा. हा कालावधी काम पूर्ण झाल्याच्या तारखेपासून मोजतात, फलकावरच्या कामाच्या सुरुवातीपासून नाही. अनेकजण सुरुवातीची तारीख धरतात आणि मुदत संपली असं समजून अर्ज करतात. मग रस्ते विभागाला एकपानी पत्र द्या: हा रस्ता, हा फोटो, एवढा खड्डा, पॅनेल तुमच्या कंत्राटदाराकडून करून घेणार की आम्ही शुल्क भरायचं, ते कळवावं. पोच घ्या आणि तिची प्रत वॉर्डच्या अर्जाला जोडा. उत्तर आलं नाही तरी तुम्ही विचारणा केल्याचा पुरावा हाती राहतो. माहिती अधिकारात अर्ज करता येतो, पण त्याच्या उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, म्हणून तो मार्ग सगळ्यात आधी धरा, शेवटी नाही.

31 मेचा खरा अर्थ

पावसाळ्यात नेहमीचं खोदकाम बंद असतं आणि ते पुन्हा ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. लोक 31 मे ही अर्जाची किंवा खोदायला सुरुवात करण्याची शेवटची तारीख समजतात. खरं तर त्या तारखेला चर बुजून रस्ता वाहतुकीसाठी तयार असायला हवा. काँक्रीटची ताकद 28 दिवसांवर मोजतात. म्हणजे 31 मेपासून मागे गेलं तर काँक्रीट 3 मेपर्यंत ओतून झालेलं हवं. त्याआधी खोदणं, तपासणी, दुरुस्ती, थर देऊन माती दाबणं. त्याहीआधी परवानगी. लवकर घट्ट होणारं काँक्रीट वापरता येतं, पण ते अभियंत्यानं मान्य केलं तरच. म्हणून फाइल होळीच्या आसपास पूर्ण असू द्या. एप्रिलअखेर आलेल्या अर्जदाराला मी ऑक्टोबरची तयारी करायलाच सांगतो. वाईट वाटतं, पण खोटी आशा दाखवण्यापेक्षा ते बरं.

मुख्य वाहिनी फुटणं, गॅसगळती, पाण्यात सांडपाणी मिसळणं ही आणीबाणी धरली जाते. कमी दाब धरला जात नाही. दूषित पाण्याची शंका असेल तर नमुना तपासून अहवाल घ्या. ‘पाण्याला वास येतो’ या वाक्यापेक्षा तो अहवाल फाइल लवकर हलवतो.

बाकीचे टप्पे सोपे आहेत: सोसायटीचा ठराव, प्लंबरच्या परवान्याची प्रत, जागेचे फोटो, वाहतूक पोलिसांचं ना हरकत पत्र. वीज आणि गॅस कंपन्यांना कळवून त्यांच्या लाइनच्या खुणा करून घ्या. खोदण्याआधी ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲपवर सूचना द्या. मार्च 2023 पासून केंद्र सरकारची ही सोय आहे, आणि न कळवता केबल तोडलीत तर नुकसानभरपाई खोदणाऱ्यावर येते. शुल्क आणि अनामत फक्त महापालिकेच्या पावतीवर भरा. ‘मी वरचं सगळं बघतो’ म्हणणाऱ्याच्या हातात रोख देऊ नका.

ठाणे, पुणे, नाशिक इथल्या महापालिका 1949 च्या कायद्यावर चालतात आणि मुंबई 1888 च्या. नमुने आणि दर बदलतील, म्हणून तिथे स्थानिक कार्यालयात विचारा.

परवानगीपत्र हाती आलं की त्यावरचे दिवस वाचा. मुदतवाढ मुदत संपण्याआधी मागावी लागते, नंतर दंड लागू शकतो. खड्डा बुजवताना प्रत्येक थराचे तारखेसह फोटो ठेवा आणि काम संपल्यावर दुय्यम अभियंत्याकडून पूर्णत्वाची लेखी नोंद घ्या. ती नसेल तर अनामत अडकते, आणि पुढच्या पावसात तिथे खड्डा पडला की पहिली नोटीस तुमच्या सोसायटीच्या नावानं निघते.