इस्टेट कॉटेज (इंग्लंड)

इंग्लंडमधील बड्या जमीनदारांनी आपल्या इस्टेटीवरचे मजूर, कारागीर आणि निवृत्त नोकर यांच्यासाठी बांधलेली घरे. 18व्या आणि 19व्या शतकांत अशी आखीव खेडी बरीच उभी राहिली. राहणारा कोणीही असो, घराचे दर्शनी रूप मालकच ठरवी.

डॉर्सेटमधील मिल्टन अ‍ॅबस हे ठळक उदाहरण. आपल्या वाड्याला खेटून असलेले मिडल्टन हे बाजाराचे गाव जोसेफ डेमर (लॉर्ड मिल्टन) याला डोळ्यांसमोर नको होते. ते पाडून 1780च्या सुमारास जवळच्या दरीत नवे गाव वसवले गेले; त्यात वास्तुशिल्पी विल्यम चेंबर्स आणि उद्यानरचनाकार ‘केपेबिलिटी’ ब्राउन यांचा हात होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकाच साच्यातली शाकारलेली घरे आहेत. बाहेरून ऐसपैस दिसणाऱ्या प्रत्येक चौकोनी घरात मुळात दोन कुटुंबे राहत, दर्शनी दार मात्र एकच. ब्रिस्टलजवळच्या ब्लेझ हॅम्लेटमध्ये (1811) वास्तुशिल्पी जॉन नॅशने नेमके उलट केले: हिरवळीभोवती नऊ घरे, एकासारखे दुसरे नाही. चित्रात शोभतील अशी नक्षीदार धुराडी, खोल्या मात्र लहानच. राहण्याच्या दृष्टीने बेडफर्डच्या ड्यूकची 19व्या शतकाच्या मध्यातील साधी विटांची घरे अधिक सोयीची म्हणावी लागतील.

नैर्ऋत्य इंग्लंडात अशा घरांच्या भिंती पुष्कळदा ‘कॉब’च्या, म्हणजे तुडवलेल्या मातीच्या. चिकणमाती, बारीक खडी आणि पेंढा पाण्यात तुडवून दगडी जोत्यावर सुमारे अर्धा मीटर उंचीचा थर रचतात. तो आळल्याशिवाय पुढचा चढवत नाहीत. भिंतीची जाडी साधारण 60 सेंमी. शाकारलेल्या छपराला पन्हळ नसते, म्हणून वळचण भिंतीच्या बरीच पुढे काढतात. उतार 50 अंशांच्या आसपास हवा. तो कमी पडला की पाणी गवतात मुरते आणि छप्पर कुजते. आढ्यावरचे गवत 10 ते 15 वर्षांनी नव्याने बांधावे लागते.

या भिंतींचा खरा शत्रू सिमेंटचा गिलावा. त्याला बारीक तडे जातात, पाणी आत शिरते, पण बाहेर पडायला वाट उरत नाही. भिंतीचा तळ मऊ होऊन बसतो. चुन्याचा गिलावा आणि त्यावर चुन्याचे पातळ हात दिले की ओल उडून जाते. बाहेरची जमीन भर पडून जोत्याच्या वर आली तरी हीच गत होते, आणि दुरुस्तीत ही गोष्ट हमखास नजरेआड होते. सिमेंट काढायचेच तर कोरड्या दिवसांत, थोडे थोडे काढावे. भिजलेली भिंत कधी कधी त्या कवचाच्याच आधाराने उभी असते.