एचआर आणि पेरोलमधलं तेच-तेच काम कमी करणं

हजेरी गोळा करणं, रजा मोजणं, पगारपत्रक काढणं, पे-स्लिप पाठवणं, नव्या माणसाचे कागद भरून घेणं, अशी दर महिन्याला त्याच क्रमाने येणारी कामं सॉफ्टवेअरकडे देणं किंवा सरळ बंदच करून टाकणं. बंद करणं हा भाग लोक विसरतात, कितीतरी फॉर्म नुसते फाईलला लागतात आणि पुढे कोणी उघडून बघत नाही.

बाहेरून वाटतं की पेरोलवाल्यांचा वेळ आकडेमोडीत जातो, पण आकडेमोड कधीच मशीनकडे गेली. हजेरीचं पंचिंग घड्याळ अमेरिकेत विलर्ड बंडीने १८८८ च्या सुमारास बनवलं, आणि लंडनची जे. लायन्स ही टी-शॉप चालवणारी कंपनी १९५४ पासून स्वतःच बनवलेल्या लिओ कॉम्प्युटरवर कामगारांचे पगार काढायला लागली. अनुभवी कारकुनाला एका माणसाचा पगार काढायला ८ मिनिटं लागायची, लिओला दीड सेकंद.

मग आजही कट-ऑफच्या दिवशी, म्हणजे पगारासाठी माहिती घ्यायच्या शेवटच्या दिवशी, एवढी धावपळ का, तर एकच माहिती चार ठिकाणी टाईप होते म्हणून. समजा कोणी बँक अकाउंट बदललं, तर तो नंबर आधी मेलमध्ये येतो, मग एचआरच्या फाईलमध्ये, तिथून पेरोलच्या शीटमध्ये आणि शेवटी बँकेच्या अपलोड फाईलमध्ये, आणि नंबर शून्याने सुरू होत असेल तर एक्सेल ते शून्य गुपचूप खाऊन टाकतं, मग पगार बाउन्स होतो, फोन येतो, परत पेमेंट करा, परत मेल. यात गणित कुठेच नाही.

म्हणून पहिला उपाय म्हणजे माहिती एकाच जागी ठेवायची आणि ज्याची आहे त्यानेच भरायची. याला सेल्फ-सर्व्हिस म्हणतात: पत्ता, रजेचा अर्ज, जुनी पे-स्लिप, सगळं कर्मचारी स्वतः बघतो, एचआरकडे "जरा मार्चची स्लिप पाठवा ना" असे मेल येत नाहीत. हजेरी आणि रजा थेट पेरोलला जोडली की बिनपगारी रजा आपोआप वजा होते. मग सगळ्यांचा पगार तपासत बसायचं नाही, मागच्या महिन्यापेक्षा ज्यांचा आकडा बदलला तेवढेच बघायचे.

खरी अडचण नियमांची असते. १७ तारखेला रुजू झालेल्या माणसाचा ३१ दिवसांच्या महिन्यातला पगार १५ भागिले ३१ धरायचा, ३० ने भागायचं की फक्त कामाचे दिवस मोजायचे? माणूस हे अंदाजाने निभावून नेतो, सॉफ्टवेअरला एकच काहीतरी स्पष्ट सांगावं लागतं, आणि सांगायला बसलं की कळतं दोन डिपार्टमेंट इतकी वर्षं वेगवेगळं करत होती. हे आधी न मिटवता टूल विकत घेतलं तर गोंधळच फास्ट होतो.

कॅनडा सरकारची फिनिक्स सिस्टीम याचं गाजलेलं उदाहरण. २०१६ मध्ये ती सुरू केली तेव्हा अनुभवी पगार-कर्मचाऱ्यांच्या जागा आधीच कमी केलेल्या, मागच्या तारखेपासूनचा फरक काढायची सोय वगळलेली आणि पायलट, म्हणजे आधी थोडक्यात चालवून बघायची चाचणी, तीसुद्धा रद्द केलेली. हजारो लोकांना पगार कमी आला, जास्त आला किंवा आलाच नाही. म्हणून एक-दोन महिने जुनी आणि नवी पद्धत सोबत चालवून आकडे जुळवतात, त्याला पॅरलल रन म्हणतात. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळू नये.

काही पायऱ्या मुद्दाम हातानेच ठेवतात. एकाने भरायचं, दुसऱ्याने तपासायचं ही मेकर-चेकर पद्धत त्यातलीच. अकाउंट बदलायची रिक्वेस्ट मेलवरून आली तर आधीपासून नोंदलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं, कारण कर्मचाऱ्याच्या नावाने खोटा मेल पाठवून पगार दुसऱ्याच खात्यात वळवायची फसवणूक सर्रास चालते.