पेटंट छापून आलं म्हणजे मिळालं नव्हे

दर दोन-चार आठवड्यांनी तीच बातमी येते. जिल्हा पुरवणीच्या आतल्या पानावर फोटो, मध्ये प्राचार्य, शेजारी पुष्पगुच्छ घेतलेले प्राध्यापक, हातात लॅमिनेट केलेला कागद, आणि वर मथळा: ‘संशोधनाला भारत सरकारचे पेटंट’. फोटो मोठा करून तो कागद वाचा. वरच्या ओळीत स्पष्ट छापलेलं असतं, ‘पेटंट ॲप्लिकेशन पब्लिकेशन’. म्हणजे पेटंटसाठी केलेला अर्ज सरकारी जर्नलमध्ये छापून आला, एवढंच. पेटंट मिळालेलं नाही. कदाचित कधी मिळणारही नाही.

पेटंट म्हणजे काय ते सांगत बसत नाही. वीस वर्षं, अर्जाच्या तारखेपासून, दुसऱ्याला ती वस्तू बनवू-विकू न देण्याचा हक्क, हे बहुतेकांना ठाऊक आहे. घोळ होतो तो प्रसिद्ध झालेला अर्ज आणि मंजूर झालेलं पेटंट या दोन कागदांत. दोन्हींवर तेच शीर्षक, तेच संशोधक, बऱ्याचदा तीच आकृती. कोणालाही एकच वाटावेत असे.

प्रसिद्धीची गोष्ट आधी उरकू. अर्ज करून अठरा महिने झाले की कायद्याच्या कलम ११ए प्रमाणे तो जर्नलमध्ये येतो. जर्नल दर शुक्रवारी निघतं. तेवढा दम नसेल तर फॉर्म ९ भरायचा, वैयक्तिक अर्जदाराला किंवा शिक्षणसंस्थेला २,५०० रुपये, की महिन्याभरात छापून येतं. कल्पना नवी आहे का, हे तोवर कोणीही तपासलेलं नसतं. त्यासाठी फॉर्म १८ वेगळा भरावा लागतो. २०२४ च्या नियमांनुसार त्याची मुदत ३१ महिने आहे, आधी ४८ होती. नाही भरला तर अर्ज मागे घेतला असं धरतात. सत्काराचा फोटो छापून आल्यावर फॉर्म १८ विसरणारे मला चांगलेच माहीत आहेत. फेरफाराची नोटीस चावडीवर लागली म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढलं, असं गावात कोणी मानत नाही. पेटंटच्या बाबतीत मात्र शिकलेली माणसं बिनदिक्कत मानतात.

नंबरावरून ओळखणं सोपं आहे, म्हणून त्यावर शब्द घालवत नाही. अर्जाचा नंबर बारा आकडी: आधी वर्ष, मग कार्यालय (मुंबईचा आकडा २), मग अर्जाचा प्रकार, शेवटी सहा आकडी क्रमांक. मंजूर पेटंटचा नंबर सरळ सहा आकडी. अमेरिकेच्या कागदांवर अर्जाच्या नंबरामागे ‘ए१’ असतं, मंजूर पेटंटमागे ‘बी१’ किंवा ‘बी२’. झालं.

खरा फरक नंबरात नाही, दाव्यांत आहे. दावे म्हणजे हक्क नेमका कशावर, हे शब्दांत बांधणारी वाक्यं. अर्जात दावे असतात ते अर्जदाराने मागितलेले. पेटंटमध्ये असतात ते सरकारने दिलेले. आणि हक्क ना शीर्षकाला मिळतो, ना आकृतीला, ना पानभर वर्णनाला. हक्क मिळतो फक्त दाव्यांना. वरच्या लॅमिनेट केलेल्या कागदावर दावे छापलेलेच नसतात. तळाशी ‘दाव्यांची संख्या’ म्हणून नुसता एक आकडा असतो. मागणी नेमकी काय होती हेसुद्धा त्या पानावर नाही, आणि त्याच्या आधारावर ‘भारत सरकारने मान्यता दिली’ म्हणायचं!

एक उदाहरण घेऊ. समजा, कोणीतरी हँड ड्रिलला पुढून बसवायची धूळ-डबी बनवली. भिंतीला भोक पाडताना सिमेंटची पूड अंगावर, जमिनीवर न पडता डबीत पडते. अर्जातला पहिला दावा असा असतो: ‘ड्रिल मशीनच्या पुढच्या टोकाला बसणारी, बिट जाण्यासाठी भोक असलेली, धूळ गोळा करणारी डबी’. वाचून वाटतं, बाजारातल्या अशा सगळ्या डब्या आता याच्या खिशात. मग तपासणी अहवाल येतो. त्यात तपासनीस तीन-चार जुनी पेटंटं दाखवतो: ही बघा डबी, ही बघा भोक असलेली डबी. उत्तराला सहा महिने मिळतात. त्यात अर्जदाराचा एजंट दावा आवळत नेतो, आणि शेवटी मंजूर होतो तो काहीसा असा: ‘...डबी, जिच्या तोंडाशी स्प्रिंगवर मागे सरकणारी नळी आहे, नळीच्या कडेला भिंतीवर टेकणारी रबरी पट्टी आहे, आणि नळी आत जाईल तशी डबीच्या मागची झडप उघडते.’

आता शेजारच्या शेडमधल्याने स्प्रिंगच्या नळीऐवजी भात्यासारखी घडीची रबरी बाही लावली, झडप ठेवलीच नाही, तर या पेटंटधारकाला त्याच्यावर बोट ठेवणं कठीण जाईल. दाव्यातला प्रत्येक घटक समोरच्याच्या वस्तूत तसाच, किंवा त्याच कामाच्या तोडीचा, सापडावा लागतो. एक नसला तरी दावा लागू होत नाही. अर्जातल्या पहिल्या दाव्यात मात्र तो शेजारी पुरता अडकला असता. शीर्षक दोन्ही वेळा एकच, ‘ड्रिलसाठी धूळ-संकलक’. आकृतीही तीच. हक्क कुठल्या कुठे गेला.

आपल्याकडे तर कलम ५९ मुळे वाट एकाच दिशेची आहे: दुरुस्त केलेला दावा मूळ दाव्याच्या पोटातच बसला पाहिजे. म्हणजे छापून आलेला अर्ज वाचून दिसते ती फार तर कमाल मर्यादा. मंजुरीला पोचेपर्यंत ती अरुंदच होणार.

शीर्षकाने फसण्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण माऊसचं. डग्लस एंगलबार्ट यांनी जून १९६७ मध्ये केलेल्या अर्जावर नोव्हेंबर १९७० मध्ये अमेरिकेचं पेटंट क्रमांक ३,५४१,५४१ मिळालं. ‘माऊसचं पेटंट’ असं सगळे म्हणतात. शीर्षक होतं ‘डिस्प्ले सिस्टिमसाठी एक्स-वाय पोझिशन इंडिकेटर’, आणि दावा होता एकमेकांना काटकोनात बसवलेल्या, पृष्ठभागावर घासत फिरणाऱ्या दोन चाकांच्या यंत्रणेवर. हाताने सरकवायच्या आणि पडद्यावर बाण हलवणाऱ्या प्रत्येक वस्तूवर नव्हे. पेटंट होतं नोकरी देणाऱ्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या नावे. एंगलबार्टना त्यातून रॉयल्टी मिळाली नाही, आणि माऊस घरोघरच्या संगणकांवर पोचायच्या आत मुदतही संपली. तेव्हा अमेरिकेत अर्ज मंजुरीआधी छापतच नसत, ती पद्धत नोव्हेंबर २००० नंतरची. त्यामुळे त्या काळचा कागद हाती आला तर तो पेटंटच असणार. आजच्या कागदाला हे लागू नाही.

उलट दिशेचा दाखला सुतारकामाच्या अवजारांत आहे. स्टीव्ह गॅस या अमेरिकन पेटंट वकिलाने, जो भौतिकशास्त्रातला डॉक्टरेटही आहे, टेबल-सॉसाठी, म्हणजे टेबलात बसवलेल्या विजेच्या गोल करवतीसाठी, सॉस्टॉप नावाची यंत्रणा काढली. करवतीच्या पात्यात बारीकसा विद्युत सिग्नल खेळवलेला असतो. बोट टेकलं की सिग्नल बदलतो, ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्याच्या दातांत घुसतो आणि सुमारे पाच मिलिसेकंदांत पातं थांबतं. पुढे बॉशने रीॲक्स नावाची करवत आणली. तिच्यात ब्रेक नाहीच. बोट लागलं की दाबलेल्या वायूचं काडतूस फुटतं आणि पातं टेबलाखाली ढकललं जातं, पात्याचं नुकसानही होत नाही. आकृत्या शेजारी ठेवून बघणारा म्हणेल, दोन वेगळी यंत्रं. तरीही २०१७ मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल ट्रेड कमिशनने सॉस्टॉपच्या दोन पेटंटांचं उल्लंघन ठरवून रीॲक्सच्या आयातीवर बंदी घातली. कारण स्टीव्ह गॅसने दावे निव्वळ ब्रेकपुरते ठेवलेले नव्हते. स्वतः वकील असल्याचा फायदा म्हणतात तो हा. डबीच्या उदाहरणात शब्दांनी हक्क आक्रसला, इथे शब्दांनीच तो ऐसपैस ठेवला. आकृती दोन्हीकडे मुकीच.

सॉस्टॉपचंच आणखी एक पेटंट या लेखाच्या मुद्द्यावर नेमकं बसतं. क्रमांक ९,७२४,८४०. त्याचा अर्ज २००२ चा, छापूनही त्याच वर्षी आला. पेटंट मिळालं २०१७ मध्ये. मधली पंधरा वर्षं तो फक्त अर्ज होता, जगाला वाचायला खुला आणि कोणालाही अडवू न शकणारा. २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की अशी सुरक्षा यंत्रणा सक्तीची करणारा नियम अमलात आला तर हे पेटंट जनतेला खुलं करू. देऊन टाकायलाही आधी हातात असावं लागतं.

इथे एखादा हुशार वाचक कलम ११ए(७) काढतो. त्यात म्हटलंय, की प्रसिद्धीच्या तारखेपासून अर्जदाराला पेटंटधारकासारखेच हक्क असतात. बरोबर, म्हटलंय. पुढचं वाक्यही वाचा: पेटंट मंजूर होईपर्यंत उल्लंघनाचा खटला भरता येणार नाही. म्हणजे मंजुरी मिळालीच, तर नुकसानभरपाईचा हिशोब मागे प्रसिद्धीच्या तारखेपर्यंत नेता येतो. मंजुरी मिळाली नाही तर त्या हक्काची किंमत शून्य. म्हणून ‘पब्लिश्ड पेटंट’ हा कॉलेजांचा लाडका शब्दप्रयोग माझ्या डोक्यात जातो. छापतात तो अर्ज.

आणि प्रसिद्धीचा एक परिणाम पक्का असतो, तो कोणी सांगत नाही. छापून आलेली कल्पना त्या दिवसापासून ‘आधीच माहीत असलेली’ ठरते, जगासाठी आणि तुमच्यासाठीही. नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, फाईल भरायची म्हणून अर्धीकच्ची कल्पना फॉर्म ९ लावून घाईने छापून घेतली, तपासणी मागितलीच नाही, आणि दोन वर्षांनी तीच गोष्ट नीट बनवून नवा अर्ज केला, तर तपासनीस तुमच्याच जुन्या अर्जाचा कागद तुमच्यापुढे ठेवतो. स्वतःच्या पायावर धोंडा, तोही फी भरून.

टेबल व्हाईसला, म्हणजे वस्तू घट्ट धरणाऱ्या शिकंजाला, एलईडी, चुंबक आणि यूएसबी चार्जर चिकटवून ‘बहुउद्देशीय स्मार्ट व्हाईस’चा अर्ज करणाऱ्यांनी कलम ३(एफ) एकदा वाचावं. आपापलं काम स्वतंत्रपणे करणाऱ्या जुन्याच वस्तू शेजारी-शेजारी मांडल्या तर कायद्याच्या लेखी तो शोधच नाही. छापून मात्र तेही येतं, कारण छापताना कोणी बघत नाही.

डिझाईन नोंदणी हा तिसरा कागदही हल्ली पेटंट म्हणून मिरवला जातो. तो फक्त दिसण्याला मिळतो, दहा वर्षं, वाढवून पंधरा. लॅपटॉप स्टँडचा आकार नोंदवला म्हणजे त्याच्या बिजागरीची युक्ती राखीव झाली नाही. ब्रिटनमधल्या डिझाईन नोंदणीत तर ते डिझाईन नवं आहे का, हे कार्यालय तपासतच नाही. तिथलं प्रमाणपत्र ‘आंतरराष्ट्रीय पेटंट’ म्हणून फ्रेम करून लावणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत.

खात्री करायला दोन मिनिटं लागतात. पेटंट कार्यालयाच्या इनपास या शोध-पानावर ‘पब्लिश्ड’ आणि ‘ग्रँटेड’ असे दोन चौकोन आहेत. नुसता दुसरा निवडा आणि संशोधकाचं नाव टाका. काही आलं नाही तर पहिला निवडून अर्जाचा नंबर घ्या आणि त्याची स्थिती बघा. तपासणीची विनंती झाली का, अहवाल आला का, उत्तर गेलं का, सगळं तिथे आहे. मंजूर सापडलं तर थेट दाव्यांवर जा आणि पहिला दावा सावकाश वाचा, मधलं वर्णन नंतर. शेवटी नूतनीकरणाची नोंद पाहा. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी फी भरावी लागते, आणि ती न भरल्याने मंजूर पेटंटही गतप्राण झालेली असतात. वस्तू विकणाऱ्यांसाठी एवढंच: पेटंट नसताना खोक्यावर ‘पेटंटेड’ छापणं कलम १२० खाली येतं आणि दंड १० लाखांपर्यंत जाऊ शकतो. अर्ज खरंच केलेला असेल तर ‘पेटंट पेंडिंग’ छापा. त्यात कमीपणा काही नाही.